भाषांतरकार पाहिजे

वर्तमानपत्रांत 'पाहिजे' या सदराखालीं नित्य जाहिराती येतात. स्वयंपाकीण पाहिजे, कारकून पाहिजे, दोन खोल्यांची जागा पाहिजे. आज मी ज्या जाहिरातीविषयीं बोलणार आहें, ती मात्र कोणत्याहि वर्तमानपत्रांत आलेली नाहीं. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या पत्रांत आली.

ही मुलगी लग्नानंतर नॉर्वे देशांत गेली, तेथील भाषा शिकली, आणि एका लहानशा गांवच्या शाळेंत काम करूं लागली. वर्षांतून दोन-तीन पत्रें येतात. एका हिवाळ्यांत आलेल्या पत्राच्या शेवटीं तिनें लिहिलें होतें : “गुरुजी, सध्यां मी एक माणूस शोधीत आहें. रशियन भाषेंतला मानसशास्त्राचा मजकूर नॉर्वेजियन भाषेंत नीट उतरवून देईल असा. रशियन येणारे भेटतात, मानसशास्त्र जाणणारे भेटतात. दोन्ही येणारा कांहीं केल्या मिळत नाहीं. आणि थांबण्यास वेळ नाहीं, कारण प्रश्न एका मुलाचा आहे.”

मी नुसता मॅट्रिक झालेला शाळामास्तर. मला रशियन येत नाहीं. नॉर्वेजियन तर त्याहून येत नाहीं. परंतु सारा जन्म मुलें शिकविण्यांत गेल्यामुळें 'प्रश्न एका मुलाचा आहे' हें वाक्य मला स्वस्थ बसूं देईना. मीं तिला खुलासा विचारला, तिनें सविस्तर लिहिलें, आणि पुढें कित्येक आठवडे आमचा पत्रव्यवहार याच एका विषयावर चालला. त्या पत्रांतून, आणि मिळालीं तेवढीं इंग्रजी पुस्तकें वाचून, मला जें कळलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

प्रकार असा घडला. तिच्या शाळेंत आठ वर्षांचा एक मुलगा नव्यानें आला. घरची भाषा रशियन. देश बदललेला, शाळा बदललेली, सवंगडी तुटलेले. मुलगा वर्गांत अगदीं गप्प बसे. आईनें पूर्वीच्या ठिकाणीं झालेल्या तपासणीचा तीन पानी कागद शाळेच्या स्वाधीन केला. तो रशियनमध्यें होता. कोणीतरी घाईघाईनें त्याचें प्रथम इंग्रजी केलें, आणि इंग्रजीवरून नॉर्वेजियन. या भाषांतरांत निष्कर्षाच्या जागीं दोन शब्द आले : 'सिकिस्क उत्विक्लिंग्सहेमिंग'. नॉर्वेजियन भाषेंत या शब्दांचा अर्थ ठरून गेलेला आहे. ज्या अवस्थेला आज आपण बौद्धिक अक्षमता म्हणतों आणि पूर्वीं मतिमंदत्व म्हणत असूं, तीच ही. मुलाच्या नांवापुढें हे दोन शब्द लागले.

मूळ रशियन कागदांत काय होतें ? तेथें होतें 'झादेर्श्का प्सिखीचेस्कोवो रझ्वीतिया', म्हणजे मानसिक विकासांत पडलेला विलंब. रशियन मानसशास्त्रांत ही एक स्वतंत्र संज्ञा आहे. आद्याक्षरांवरून तेथील शिक्षक तिला 'झे-पे-एर' म्हणतात. ज्या मुलाची वाढ वयाच्या मानानें मागें पडली आहे, परंतु योग्य साहाय्य मिळाल्यास ज्याला ही तूट पुष्कळ अंशीं भरून काढतां येईल, त्या मुलासाठीं हे शब्द योजतात. बौद्धिक अक्षमतेसाठीं रशियन भाषेंत वेगळे शब्द आहेत, आणि हा भेद तेथील शिक्षक कटाक्षानें पाळतात. आगगाडी उशीरां येणें निराळें, आणि गांवाला रूळच नसणें निराळें.

मग चूक झाली कोठें ? रशियन 'प्सिखीचेस्की' आणि नॉर्वेजियन 'सिकिस्क' हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक मुळापासून निघालेले. सख्खे भाऊच म्हणा ना. विकास म्हणजे विकास. राहिला विलंब. त्याचें इंग्रजींत झालें 'रिटार्डेशन', आणि लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ उशीर, मंद गति असाच आहे. परंतु 'मेंटल रिटार्डेशन' ही इंग्रजींत कित्येक दशकें बौद्धिक अक्षमतेचीच संज्ञा होती. तिच्यासाठीं नॉर्वेजियन भाषेंत जें नांव ठरलेलें, तें पुढच्या पायरीवर आपोआप येऊन बसलें. श्रोतेहो, गणितांत असें सहसा घडत नाहीं. येथें प्रत्येक पायरी शब्दकोशाप्रमाणें बरोबर होती, आणि तरीहि उत्तर चुकलें.

नॉर्वेंत शाळांना सल्ला देणारी एक शिक्षण-मानसशास्त्रीय सेवा असते. ती स्वतः मुलाची पाहणी करते. एका जुन्या कागदावरून निकाल देत नाहीं. परंतु पाहणारा हाहि शेवटीं माणूसच. हातांतल्या कागदावर जें लिहिलें असेल, त्याच्या उजेडांत तो मुलाचें मौन वाचतो. एक कागद म्हणतो, याला अजून भाषा येत नाहीं. दुसरा म्हणतो, याला समजतच नाहीं. मौन तेंच असतें.

आतां आपण म्हणाल, नॉर्वे आणि रशिया हे शेजारी देश. उत्तरेकडे त्यांची सरहद्द जवळजवळ दोनशें किलोमीटर लागून आहे. मग एका भाषांतरकाराची एवढी वाण कां पडावी ?

या शेजाराचा इतिहास मोठा मौजेचा आहे. अठराव्या शतकापासून तों १९१७ च्या रशियन क्रांतीच्या सुमारापर्यंत श्वेत समुद्राकडील रशियन व्यापारी उन्हाळ्यांत गलबतें भरून उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यास येत. त्यांना पोमोर म्हणत. ते राईचें पीठ आणीत आणि मासळी घेऊन जात. वार्दो, हामरफेस्त, त्रोम्सो या बंदरांत हा बाजार भरे. देवघेव चालावी म्हणून दोन्हीकडच्या लोकांनीं मिळून एक जोडभाषा बनविली. तिला 'रुस्सेनोर्स्क' असें नांव आहे. तिचा सारा शब्दसंग्रह सुमारें चारशें शब्दांचा. शब्दयोगी अव्यय बहुतेक एकच, 'पो'. आंत, वर, कडे, साठीं, या सर्वांची चाकरी त्या एकट्यानें करावयाची. ते लोक या भाषेला 'मोया पो त्वोया' म्हणत, म्हणजे जवळजवळ 'माझें तुझ्या परी'.

पीठ आणि मासळी यांचा सौदा चारशें शब्दांत उरकतो, कारण माल समोर पडलेला असतो. शब्द अडला तर पोत्याचें तोंड सोडून दाखवावें. मनाच्या शास्त्रांत पोतें सोडून दाखवितां येत नाहीं. जाणीव, आशय, शिकणें, विसरणें या गोष्टी बोटानें दाखविण्यासारख्या नाहींत. तेथें शब्द हाच माल आणि शब्द हेंच माप. म्हणून व्यापाराचा शेजार कितीहि जुना असला तरी त्यांतून मानसशास्त्राचा भाषांतरकार आपोआप निपजत नाहीं. तो मुद्दाम शोधावा लागतो.

तसा तो पूर्वींहि शोधावा लागला आहे. लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचें नांव आज आपल्याकडील अध्यापक-विद्यालयांतूनहि ऐकूं येतें. तो १८९६ सालीं जन्मला आणि १९३४ सालीं क्षयानें वारला. वय अवघें सदतीस. 'मिश्लेनिये इ रेच' हें त्याचें प्रमुख पुस्तक त्याच वर्षीं, त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलें. १९३६ सालीं कम्युनिस्ट पक्षाच्या एका ठरावानें बालाध्ययनाच्या एका संबंध शाखेवर गदा आली. तींत विगोत्स्कीचें लेखनहि सांपडलें, आणि हें पुस्तक पुन्हां छापलें जाण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. इंग्रजी वाचकांच्या हातीं तें पडलें १९६२ सालीं. तेंहि असें कीं, मूळचीं तीनशेंवर पानें जवळजवळ निम्म्यावर आलीं होतीं. संपूर्ण स्वरूपाचें इंग्रजी भाषांतर व्हावयास १९८७ साल लागलें. मधल्या पंचवीस वर्षांत जगांतील पुष्कळ शिक्षकांनीं विगोत्स्की म्हणून जो वाचला, तो हा आंखूड केलेला विगोत्स्की होय.

नुसत्या नांवाचीच गोष्ट पाहा. रशियन नांवाचा सरळ अर्थ 'विचार करणें आणि बोलणें'. १९६२ च्या इंग्रजी पुस्तकावर छापलें गेलें 'विचार आणि भाषा'. डॅनिश आणि स्वीडिश भाषांतरांच्या नांवांतहि 'भाषा' हाच शब्द आला. २००१ सालीं ओस्लो येथें गिल्देन्दाल या प्रकाशनसंस्थेनें काढलेल्या नॉर्वेजियन पुस्तकाचें नांव मात्र 'तेंक्निंग ओ ताले' असें आहे. म्हणजे मुळांत आहे तसें, विचार करणें आणि बोलणें. आपण विचाराल, भाषा काय आणि बोलणें काय, एवढें काय बिघडलें ? बिघडतें तें असें. भाषा ही व्याकरणांत आणि कोशांत नांदते. बोलणें हें माणसाच्या तोंडीं असतें. खेळतां खेळतां लहान मूल स्वतःशींच पुटपुटतें, पुढें तेंच पुटपुटणें आंत वळतें, आणि मग आपण ज्याला मनांतल्या मनांत बोलणें म्हणतों तें तयार होतें, हा विगोत्स्कीचा एक मुख्य सिद्धान्त. हें सारें कोशांत घडत नाहीं. मुलाच्या ओठांवर घडतें. आमच्या गोष्टींतला तो गप्प मुलगाहि आंतून बोलतच होता. तें बोलणें रशियन होतें, एवढेंच.

दुसरा शब्द आम्हां शिक्षकांच्या अगदीं जिव्हाळ्याचा आहे. रशियनमध्यें 'ओबुचेनिये' असा एक शब्द आहे. शिकविणाऱ्यानें शिकविणें आणि शिकणाऱ्यानें शिकणें, हा दोघांचा मिळून होणारा व्यवहार त्या एका शब्दांत येतो. हा व्यवहार विकासाच्या पुढें चालावयास हवा, मागून फरफटत येऊं नये, असें विगोत्स्कीचें सांगणें आहे. इंग्रजी भाषांतरकारांची येथें तारांबळ उडते. कोणी 'शिकणें' या अर्थाचा शब्द घालतात. मग शिक्षक वर्गांतून नाहींसा होतो. कोणी 'शिकविणें' या अर्थाचा घालतात. मग मूल नाहींसें होतें. आपण मराठींत 'अध्ययन-अध्यापन' असा जोडशब्द करून वेळ निभावतों. नॉर्वेजियन भाषेंत मात्र 'ओपलेरिंग' हा शब्द घरांतच आहे. त्यांच्या शिक्षणाच्या कायद्याच्या नांवांतहि तोच आहे, आणि तो मुळाच्या बराच जवळ जातो. आतां गंमत अशी कीं, जो नॉर्वेजियन माणूस रशियनवरून सरळ भाषांतर करील त्याला हा शब्द सुचेल. जो इंग्रजीवरून करील त्याला बहुधा सुचणार नाहीं. शेजाऱ्याकडून उसनें आणतांना स्वतःच्या फडताळांत काय आहे तें पाहावयाचें राहून जातें.

असाच तिसरा शब्द. मुलाला आज एकट्याला जें करतां येत नाहीं, परंतु जाणत्याचा हात धरून करतां येतें, त्या टापूला विगोत्स्कीनें नांव दिलें तें 'सर्वांत जवळच्या विकासाचा पट्टा' अशा अर्थाचें. 'जवळचा' हा तेथें साधा घरगुती शब्द आहे; पुढचें पाऊल जेथें पडावयाचें ती जागा. इंग्रजींत त्याचें 'प्रॉक्सिमल' झालें. नॉर्वेंत आज दोन्ही रूपें ऐकूं येतात. एक 'नेरमेस्ते', म्हणजे सर्वांत जवळचा, आणि दुसरें इंग्रजीच्या वाटेनें आलेलें 'प्रोक्सिमाल'. पहिलें रूप आईला समजेल. दुसरें ऐकून ती मान डोलावील आणि घरीं जाऊन गप्प बसेल.

भाषांतर करतांना नेमकें काय निसटतें, हें विगोत्स्कीनें स्वतःच फार सुंदर रीतीनें दाखविलें आहे. शब्दाचा अर्थ वेगळा आणि आशय वेगळा, असें तो म्हणतो. क्रिलोव्ह या रशियन कवीची एक बोधकथा आहे. उन्हाळाभर गाण्यांत रमलेली चतुर हिवाळा येतांच मुंगीच्या दारीं येते, आणि मुंगी तिला आतां नाचावयास जा म्हणून सांगते. 'नाच' या शब्दाचा अर्थ नाच हाच. परंतु त्या जागीं त्याचा आशय होतो 'मौज कर आणि मर'. पाटी फोडणाऱ्या पोराला आम्ही मास्तर लोक 'शाबास' म्हणतों, तेव्हां तें पोर अर्थ सोडून आशय बरोबर उचलतें. रशियनमध्यें या दोहोंना 'झ्नाचेनिये' आणि 'स्मीस्ल' असे दोन शब्द आहेत. नॉर्वेजियनमध्येंहि 'बेतीद्निंग' आणि 'मेनिंग' अशी जोडी लावतां येते. मराठींत आपण अर्थ आणि आशय म्हणूं. परंतु दोन्ही ठिकाणीं बेसावधपणें 'अर्थ' हा एकच शब्द घातला, तर संबंध प्रकरणाची कणीकच मोडली म्हणून समजावें.

त्याच प्रकरणांत तो हायने या जर्मन कवीच्या एका कवितेची गोष्ट सांगतो. उत्तरेंतला एक सूचिपर्णी वृक्ष दूर पूर्वेकडील एका ताडजातीच्या झाडाचें स्वप्न पाहतो. जर्मनमध्यें पहिलें झाड पुल्लिंगी आणि दुसरें स्त्रीलिंगी, म्हणून ती प्रीतीची कविता होते. लेर्मोन्तोव्हनें तिचें रशियन केलें तेव्हां दोन्ही झाडें स्त्रीलिंगी झालीं, आणि प्रीति उडून गेली. त्युत्चेव्हनें झाडाची जात बदलून पुल्लिंगी 'केद्र', म्हणजे देवदार घातला. झाड बदललें, पण कविता वांचली. मराठींत करावयाचें तर देवदार आणि खजुरी अशी जोडी जुळेल. श्रोतेहो, झाड राखावें कीं नातें राखावें हें कोणताहि कोश सांगत नाहीं. तें ज्याला कळतें त्यालाच मी भाषांतरकार म्हणतों.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. असा माणूस शोधावा कसा ? माझ्या विद्यार्थिनीनें ठेंचा खात खात जें शिकून घेतलें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, दुभाषी आणि भाषांतरकार हे दोन वेगळे धंदे आहेत. नॉर्वेंत दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, आणि सरकारी कचेऱ्यांनीं जाणता दुभाषीच बोलवावा असा कायदा १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आहे. लहान मुलांना दुभाषी म्हणून राबविण्यासहि, थोडे अपवाद सोडल्यास, तेथें मनाई आहे. परंतु दुभाष्याचें कौशल्य समोरासमोर चालणाऱ्या बोलण्यांत असतें. तीन पानें समोर घेऊन एकेका शब्दापाशीं तासभर बसणें हा वेगळा स्वभाव आहे.

दुसरी गोष्ट, सरकारनें अधिकृत केलेले भाषांतरकार असतात. जन्माचा दाखला, खरेदीखत, न्यायालयाचा हुकूम यांना त्यांचा शिक्का लागतो, आणि तो योग्यच आहे. परंतु शिक्का हा प्रामाणिकपणाची हमी देतो. प्रत्येक शास्त्राच्या ज्ञानाची हमी तो कशी देणार? साहित्याच्या भाषांतरकारांची संस्था तेथें १९४८ पासून आहे. शास्त्रीय आणि माहितीपर पुस्तकांच्या लेखकांची निराळी संस्था १९७८ सालीं निघाली, आणि अशा पुस्तकांचे भाषांतरकारहि तिचे सभासद असतात. मानसशास्त्राचा माणूस शोधावयाचा तर हें दुसरें दार ठोठवावें. विद्यापीठांतील रशियन भाषेचा विभाग हें तिसरें दार, आणि विशेष शिक्षणाचे अध्यापक हें चौथें.

तिसरी गोष्ट, भाषांतर ज्या भाषेंत व्हावयाचें ती भाषा त्याची स्वतःची असावी. रशियन त्याला चांगलें समजलें पाहिजे; नॉर्वेजियन मात्र त्याच्या हाडांत मुरलेलें पाहिजे. शिवाय नॉर्वेजियन लेखनाच्या दोन प्रमाण पद्धती आहेत, बूकमोल आणि नीनोर्स्क. १८८५ सालापासून दोहोंना सारखा दर्जा आहे. आपल्या शाळेंत यांपैकीं कोणती चालते हें आधींच सांगावें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणूस निवडण्यापूर्वीं त्याला एकच पान द्यावें. आणि त्यानें तें किती लवकर परत केलें हें न पाहतां, त्याच्याबरोबर किती प्रश्न परत आले हें पाहावें. माझ्या विद्यार्थिनीनें तिघांना तेंच पान दिलें. एकानें तासाभरांत परत पाठविलें. मजकूर गुळगुळीत, शंका एकहि नाहीं. दुसऱ्यानें दोन दिवस घेतले. त्याच्याहि कागदावर शंका नव्हती, आणि तेच दोन घातकी शब्द त्यानेंहि लिहिले होते. तिसऱ्या बाई. त्या रशियन शिकलेल्या, आणि पुष्कळ वर्षें विशेष मुलांच्या शाळेंत काम केलेल्या. त्यांनीं पान पूर्ण केलेंच नाहीं. सात प्रश्न लिहून पाठविले. त्यांतला पहिला होता : “ही तपासणी झाली तेव्हां मुलाचें वय काय होतें ?” विलंब म्हणावयाचा तर तो किती वयाच्या मानानें, हें कळल्याशिवाय त्यांची लेखणी पुढें जाईना. दुसरा प्रश्न एका पदवीविषयीं होता. तपासणाऱ्याच्या नांवापुढें 'देफेक्तोलोग' असें लिहिलें होतें. अक्षरशः पाहिलें तर 'दोषशास्त्रज्ञ'. आपल्या लेंकराला दोषशास्त्रज्ञानें तपासलें हें वाचून कोणत्या आईच्या पोटांत गोळा येणार नाहीं ? परंतु रशियन परंपरेंत ही विशेष शिक्षणाच्या तज्ज्ञाची रूढ पदवी आहे. त्या बाईंनीं तसेंच लिहूं का म्हणून विचारलें, आणि मूळ शब्द खालीं टिपेंत देण्याची परवानगी मागितली.

अर्थातच काम त्यांच्याकडे गेलें. तरीहि त्या एकट्यावर तें सोंपविलें नाहीं, आणि ही पांचवी गोष्ट. बाईंचें भाषांतर एका मानसशास्त्रज्ञानें केवळ नॉर्वेजियन मजकूर म्हणून वाचलें. जेथें वाक्य कानाला गोड लागून अर्थाला संदिग्ध झालें होतें, तेथें त्यानें खूण केली. मग दोघांनीं बसून निर्णय केला. निष्कर्षाच्या जागीं 'विकासांतील विलंब' या अर्थाचे साधे शब्द आले, कंसांत रशियन संज्ञा आली, आणि तिचा तिकडे काय अर्थ करतात हें दोन ओळींत सांगितलें गेलें. लहानसेंच काम, परंतु दोन जाणतीं माणसें त्यासाठीं तीन संध्याकाळ खपलीं.

कोणी म्हणेल, आतां यंत्रें क्षणांत भाषांतर करून देतात, मग हा खटाटोप कशाला ? यंत्राचा मी शत्रु नाहीं. कागदांत साधारण काय आहे हें कळावयास तें उपयोगी पडतें, आणि शाळेच्या सहलीची सूचना त्यानें खुशाल उतरवावी. परंतु 'मुलाचें वय काय होतें' असें विचारण्यासाठीं तें आपण होऊन थांबेल, यावर मी विसंबणार नाहीं. आणि चुकीची जबाबदारी घेण्यास शेवटीं सही करणारें माणूसच लागतें.

आपण विचाराल, एवढ्या दूरच्या मुलाची काळजी या म्हाताऱ्या मास्तराला कां ? तेंहि सांगून टाकतों. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गांत एक मुलगा होता. मागच्या बांकावर बसे, विचारल्याचें उत्तर देत नसे. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला : 'बुद्धि मंद'. बापानें तो वाचला, आणि पुढच्या जूनमध्यें मुलगा शाळेंत आलाच नाहीं. किराणा दुकानांत पुड्या बांधावयास लागला. पांच-सहा वर्षांनीं तो मला बाजारांत भेटला. मीं हांक मारली ती त्याला ऐकूं गेली नाहीं, दुकानदार म्हणाला, “मास्तर, त्याच्या समोर येऊन बोला, डाव्या कानानें त्याला जन्मापासून ऐकूं येत नाहीं.” वर्गांत मी ज्या बाजूला उभा राहत असें, तो त्याचा डावा कान होता.

त्या मुलाच्या मौनाचें भाषांतर मीं केलें होतें, श्रोतेहो. मला मराठी येत होतें, त्यालाहि मराठी येत होतें, आणि तरी भाषांतर चुकलें. कारण मीं एकहि प्रश्न विचारला नाहीं. तो शेरा आज मला खोडतां येत नाहीं. म्हणून नॉर्वेंतल्या त्या बाईंचे सात प्रश्न वाचले तेव्हां मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षां त्यांच्या थांबण्याचा हेवा वाटला.

शेवटच्या पत्रांत माझ्या विद्यार्थिनीनें लिहिलें आहे कीं, जुनें भाषांतर फाइलींतून काढून नवें लावलें आहे, आणि पाहणी नव्यानें सुरू झाली आहे. निकाल काय लागेल तें तिनें लिहिलें नाहीं. तिला लिहितांहि येणार नाहीं. भाषांतर सुधारल्यानें मुलाच्या अडचणी नाहींशा होत नाहींत. त्याला साहाय्य लागेलच. परंतु पाहणारे आतां त्याच्याकडे उशीरां येणाऱ्या गाडीची वाट पाहावी तसे पाहत आहेत. तो स्वतः दोन-चार शब्द नॉर्वेजियन बोलूं लागला आहे, आणि तिला दारांत पाहिली कीं चुकीच्या लिंगांत नमस्कार करतो म्हणे.

आपल्याहि घरांत, शाळांत, दवाखान्यांत परक्या भाषेंतले कागद रोज येतात. कोणाच्या तरी मुलाविषयीं, म्हाताऱ्या आईविषयीं त्यांत एखादा शब्द असतो. तो ज्याच्याकडून समजून घ्यावयाचा, त्याला आधीं एक पान द्या आणि त्याच्या प्रश्नांची वाट पाहा. प्रश्न आले नाहींत, तर दुसरा माणूस शोधा.